चढणीचा मासा बंधाऱ्यापाशी का अडतो?

या महिन्याच्या टपालात नदीचीच पत्रं जास्त आहेत. सगळी घेता आली नाहीत. एका पत्राला मात्र जरा जास्तच जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न मी स्वतःच गेली चाळीस वर्षं स्वतःला विचारते आहे.

प्रश्न : मॅडम, आमचं शेत भोगावतीच्या काठाला आहे. लहानपणी मृगाचा पहिला पाऊस झाला की ओढ्यातनं, भाताच्या खाचरातनं मासे वर चढायचे. आजोबा हातभर लांब खडशीच्या गोष्टी सांगायचे. आता जूनमध्ये बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मासे नुसते गोळा होतात, लोक जाळी लावून पोत्यानं नेतात आणि वरच्या बाजूला काही दिसत नाही. हे धरणामुळं झालं का? परदेशात धरणाला माशांसाठी शिडी बांधतात म्हणे. राधानगरीला बांधता येईल का? (एक शेतकरी, करवीर तालुका)

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मी थेट बावड्यात, आमच्या जुन्या घरामागच्या नदीत जाऊन उभी राहिले. आम्ही भोई. आबा पागर, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचे. पुढं मी प्राणिशास्त्र शिकले, कॉलेजात पोरांना माशांची पोटं फाडून दाखवली, पण चढणीच्या माशाबद्दल पहिला धडा आबांचाच. "पोरी, लाल पानी आलं की मासं घरात थांबत न्हाईत." पुस्तकात हेच चार पानांत लिहिलेलं असतं.

उन्हाळाभर मादीच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, पिकत असते. मेअखेरीस ती तयार होते, पण मासा ती लगेच सोडत नाही. तो निरोपाची वाट बघतो. पाणी एकाएकी थोडं गार होतं, गढूळ होतं, चढायला लागतं, प्रवाहाला जोर येतो आणि मातीचा वास पाण्यात उतरतो. हे सगळं एकत्र आलं की मासा प्रवाहाच्या तोंडावर वर निघतो. निरोप आलाच नाही तर गाभोळी पोटातच जिरते. मासा मरत नाही, दिसायला ठणठणीत असतो, पण त्या वर्षीची पिढी गेली. मासे कमी झाल्याचं आपल्या लक्षात दोन-तीन वर्षांनी येतं ते यामुळेच.

आता धरण बघा. राधानगरी हे शाहू महाराजांनी हाती घेतलेलं काम, त्याच्या पाण्यावर आपली ऊस-भाताची शेती उभी. त्याला शिव्या देण्याइतकी मी कृतघ्न नाही. पण माशाच्या बाजूनं बघितलं तर भिंतीपेक्षाही एक गोष्ट जास्त आड येते, ती म्हणजे वेळ. जूनमध्ये दाजीपूरच्या डोंगरात कोसळलेलं पाणी आधी धरण भरण्यात जातं. ते सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात ते जलाशय काठोकाठ भरल्यावर, बहुतेक वर्षी जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टात. एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी येतं, पेपरात बातमी येते, पुलावर बघ्यांची गर्दी होते. पण माशाला हवा होता तो जूनमधला पहिला, मध्यम, लाल लोंढा. तो जलाशयात अडकून बसला. म्हणजे भिंतीच्या लगत खालच्या पट्ट्यात पावसाळा महिनाभर उशिरा येतो, आणि आला की दणक्यात येतो.

दुसरी गोष्ट पाण्याच्या गारव्याची. खोल जलाशयाचं तळाचं पाणी वरच्या पाण्यापेक्षा गार असतं आणि त्यात प्राणवायू कमी असतो. तळाच्या मोरीतून किंवा वीजघरातून सोडलेलं पाणी म्हणजे बहुधा हेच. उन्हाळ्यात पाय बुडवायला बरं वाटतं, पण अंड्यांना वाढायला लागणारी ऊब त्यात नसते. वीज लागेल तसं पाणी कमी-जास्त केलं तर आणखी वेगळी गंमत. सकाळी पाण्याखाली असलेल्या गोट्यांवर अंडी घातली, संध्याकाळी ते गोटे उघडे.

गोट्यांचा मुद्दा खडशीसाठी महत्त्वाचा आहे. खडस म्हणजे पुस्तकातला दख्खनी महसीर. विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचं वर्णन छापलं आणि शास्त्रीय नावही आपल्याच लोकांच्या तोंडचं उचललं, 'खुद्री'. कोळशी माशाचंही तसंच, ती शास्त्रात 'कोलुस' झाली. (लंडनच्या कागदावर आपल्या कोळ्या-भोयांची मराठी उमटली, याचं मला अजून हसू येतं.) या खडशीला वाहतं, स्वच्छ, खळखळतं पाणी आणि गोटे-वाळूचा तळ लागतो. अंडी सोनेरी, जड असतात, ती गोट्यांच्या फटीत जाऊन बसतात आणि फुटायला तीन-चार दिवस घेतात. तेवढा वेळ त्यांच्यावर गाळ बसता कामा नये. धरण वरून येणारे गोटे, वाळू अडवतं. खालच्या पात्रात जुनी वाळू पुरानं धुऊन जाते, नवी येत नाही. उरलेली आपण ट्रॅक्टरनं उपसून बंगले बांधले. मग खडस अंडी घालणार कुठं? कातळावर?

इतर बरेचसे मासे, आपला कानस, तांबीर ही मंडळी, एका दमात हजारो-लाखो अंडी पाण्यात सोडतात. त्यांची अंडी पाणी पिऊन फुगतात आणि प्रवाहाबरोबर तरंगत, लोळत खाली जातात. प्रवाहात असतील तोवर जिवंत. मधेच बंधाऱ्याचं किंवा जलाशयाचं साठलेलं पाणी लागलं की तळाला बसतात आणि गाळात गुदमरतात. म्हणजे मोठा मासा वर चढला एवढ्यानं भागत नाही. त्याच्या पिल्लांना खाली येताना वाहती वाट हवी. शिडीच्या गप्पा मारताना हा अर्धा भाग सगळे विसरतात.

तर शिडी. अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाला १९३८ पासून पायऱ्या-पायऱ्यांचे हौद आहेत, त्यातून सामन मासा उड्या मारत वर जातो. पण सामन हा उडी मारणारा, जिद्दी मासा आणि त्याला तिथं जायचंच असतं. आपला कानस उडी मारत नाही, तो तळानं चालणारा. सामनच्या मापाची शिडी त्याला दिली तर ती आजीला तालमीत उतरवण्यासारखी होते. ब्राझील-पॅराग्वेच्या सीमेवर इताइपू धरणाला २००२ मध्ये वेगळा मार्ग काढला. सुमारे १० किलोमीटरचा, ओढ्यासारखा वळणावळणाचा कालवा केला आणि माशांना १२० मीटर वर जायला वाट दिली. आराखडा आपल्या माशांना जास्त जवळचा आहे, पण तेवढी जागा आणि तेवढं पाणी राधानगरी धरण आहे त्या फेजिवड्याच्या घळीत कुठून आणायचं? आणि वर चढून गेलेल्या माशाची पिल्लं शेवटी जलाशयातच उतरणार. म्हणून माझं स्पष्ट मत सांगते, राधानगरीला शिडी मागण्यात आपली शक्ती घालवू नका.

शक्ती घालवायची ती बंधाऱ्यांवर.

आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही माशाच्या दृष्टीनं जगातली फार समंजस रचना आहे, हे आपल्यालाच ठाऊक नाही. दगडी खांब, मधे गाळे, गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या. पाऊस संपला की बरगे घालायचे, पाऊस यायच्या आत काढायचे. पक्क्या धरणाला जे कोट्यवधी खर्चूनही जमत नाही, ते आपल्या बंधाऱ्याला मुळातच जमतं. पावसाळ्यात तो दार उघडून बाजूला होतो. पंचगंगेवर शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी रांग आहे. ही सातही दारं वेळेवर आणि पूर्ण उघडी असली, तर नरसोबावाडीच्या संगमातून कृष्णेतला मासा प्रयाग चिखलीपर्यंत आणि तिथून भोगावती, तुळशी, कुंभी, कासारीत शिरू शकतो. धरणं माथ्याला आहेत. मधल्या पट्ट्यात अजून शेकडो मोकळे ओढे उतरतात आणि ते जूनमध्येच लाल होतात. तुमचा मासा जिवंत राहिला असेल तर या ओढ्यांच्या जिवावर.

मग अडतं कुठं? तीन ठिकाणी, असं मी काठावरून बघितलं आहे.

एक, बरगे उशिरा निघतात किंवा अर्धेच निघतात. वरच्या चार ओळी काढल्या, खालच्या दोन गाळात रुतल्या, पाऊस आला, राहू दे. २०२५ साली तर मेमध्येच पाऊस धो-धो आला आणि एका बंधाऱ्यावर (नाव घेत नाही, तिथली माणसं वाईट नाहीत) बरगे पाण्याखालीच राहिले. मी दुसऱ्या दिवशी गेले तर खालच्या डोहात मासा उकळत्या भातासारखा खालवर होत होता. माणसं कंडाळ जाळं लावून बसली होती. एकानं मला ओळखलं, "बाई, घेता का एक?" म्हणाला. गाभोळीनं पोट टम्म फुगलेली मादी होती. मी काही बोलले नाही. काय बोलणार, त्याच्या घरी चूल माझ्या भाषणावर पेटत नाही.

दोन, बंधाऱ्याचा उंबरा. बरगे काढले तरी खांबांच्या मधे पक्का उंबरा राहतो आणि त्याच्या खाली पाण्यानं खणून खणून खड्डा पडतो. नदी भरून वाहते तेव्हा तो बुडतो, प्रश्न नाही. पण पहिल्या पावसात, नेमकं मासा येतो तेव्हा, तिथं दोन-तीन फुटांचा धबधबा असतो. वीतभर माशाला तो डोंगर आहे.

तीन, ओढ्यांवरच्या नळमोऱ्या. रस्त्याखालून सिमेंटचा नळ टाकला, पलीकडं पाणी हातभर उंचीवरून खाली पडतंय. या मोरीनं एखादा अख्खा ओढा माशाला बंद होतो आणि त्याची बातमी कधी येत नाही.

यावर करायचं काय, तर मोठं काही नाही. बरगे काढताना सगळ्या गाळ्यांच्या वरच्या ओळी थोड्या थोड्या काढण्यापेक्षा नदीची मूळ धार ज्या गाळ्यातून जाते तिथले दोन-तीन गाळे आधी तळापर्यंत मोकळे करायचे. दोन्हीकडच्या पाण्यात फरक वीतभर राहिला की मासा आपला आपण निघून जातो. सुरुवात खालून करायची, शिरोळपासून वर, कारण मासा खालून येतो. उंबऱ्याच्या खालच्या खड्ड्यात मोठे दगड उतरते रचून ओबडधोबड उतार करायचा. दगडाच्या आड मासा दम खातो आणि पुढं सरकतो. हा उतार गावचा गवंडीही रचेल, फक्त पाटबंधारे खात्याच्या माणसाला विचारून आणि त्याच्या देखरेखीखाली, नाहीतर पुरात दगड खांबावर आदळायचे. नवीन मोरी होत असेल तर ग्रामपंचायतीत एवढंच म्हणा, नळ ओढ्याच्या तळापेक्षा जरा खाली बसवा म्हणजे आत वाळू भरेल.

तुम्ही शेतकरी आहात म्हणून अडचणही मांडते. मेच्या शेवटी बरगे काढले आणि मृग कोरडा गेला तर उसाला पाणी कुठलं? ही भीती खरी आहे आणि मासेवाल्यांनी ती हसण्यावारी नेऊ नये. म्हणूनच म्हणते सगळे नकोत, धारेतले गाळे आधी.

आणि धरणाकडून एकच मागणं आहे. जूनमध्ये वरती पाऊस झाला की त्यातला एक हिस्सा दोन-चार दिवस वाढता सोडायचा, एकदम नव्हे, आणि उतरवतानाही हळू. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं गंगेच्या वरच्या पट्ट्यासाठी नियम काढला, जून ते सप्टेंबर त्या त्या महिन्याच्या सरासरी प्रवाहाचा ३० टक्के हिस्सा नदीत वाहता ठेवायचा. गंगेला जो न्याय, तो भोगावतीला मागायला लाज कसली? धरण तरीही भरेल. ८.३६ टीएमसीची राधानगरी आपल्याकडच्या पावसात बहुतेक वर्षी भरून सांडतेच.

प्रश्न : तुम्ही म्हणता धरणामुळे मासे घटले, पण काळम्मावाडीच्या जलाशयातून तर मोठे मोठे कटले बाजारात येतात. मग हे खरं कसं? (बी. एस्सी.चा विद्यार्थी, गारगोटी)

उत्तर : प्रश्न चांगला आहे, परीक्षेत विचारला असता तर मी एक मार्क जास्त दिला असता. बाजारातला तो कटला जलाशयात जन्मलेला नसतो, सोडलेला असतो. कटला-रोहू मूळचे उत्तरेचे, गंगेच्या खोऱ्यातले. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, लठ्ठ होतात, पण अंडी घालत नाहीत, कारण वर सांगितलेला निरोप तिथं पोहोचत नाही. पूर्वी मत्स्यबीज बहुतेक नदीतूनच गोळा करायला लागायचं. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. नदीच्या पुराचा निरोप सुईतून दिला म्हण ना. तो दिवस आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा होतो. तेव्हापासून बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, तयार करून जलाशयात सोडता येते आणि सहकारी संस्थांची पोटं त्यावर चालतात. हे चांगलंच आहे. पण जलाशयाच्या टोपलीकडं बघून नदीची तब्येत सांगता येत नाही. तिथं कटला वाढतो आणि त्याच वेळी नदीतली कोळशी नाहीशी होते. तू गारगोटीचा आहेस, वेदगंगेच्या काठाला एकदा जुन्या माणसांकडून माशांची मराठी नावं लिहून आण. कुठली नावं नातवंडांना ठाऊक नाहीत ते बघ. तुझा प्रकल्प तयार.

प्रश्न : वडिलांच्या वर्षश्राद्धाला पंचगंगेत महसीरची पिल्लं सोडायचा विचार आहे. पुण्य लागेल ना? आणि पिल्लं कुठं मिळतील? (एक वाचक, कोल्हापूर शहर)

उत्तर : भावना कळली. पुण्याचं मी सांगू शकत नाही, माशाचं सांगते. लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून खडशीचं बीज तयार केलं आणि देशभर दिलं, काम मोठंच. पण त्यातलंच बीज दक्षिणेत कावेरीत सोडलं गेलं आणि तिथला मूळचा वशिंडवाला महसीर मागं पडत गेला. आज तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जातींत मोजला जातो. चांगल्या हेतूनं सोडलेल्या पाहुण्यानं घरच्याला बाहेर काढलं. तेव्हा कुठलं पिल्लू, कुठल्या नदीचं, हे न बघता बादली ओतू नका. दुकानदार महसीर सांगून थाई मांगूर गळ्यात मारेल तर आणखी अनर्थ, तो पाळायला बंदी आहे ती उगाच नाही.

त्यापेक्षा महाडजवळ वाळणकोंडीला जाऊन या. तिथं देवीच्या डोहात माशांना कुणी हात लावत नाही आणि एवढ्या एका गोष्टीवर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत. देहूच्या इंद्रायणीतही मासे देवाचेच मानले गेले. आपल्या एखाद्या ओढ्याचा एक डोह वडिलांच्या नावानं असा राखला, जून ते सप्टेंबर तिथं जाळं लावू दिलं नाही, तर ते पिल्लं सोडण्यापेक्षा अवघड आहे, हे खरं. भावकीशी भांडायला लागेल.

प्रश्न : आमच्याकडे दर उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे मेलेले मासे तरंगतात. याचा धरणाशी संबंध आहे का? (शिरोळ तालुका)

उत्तर : धरणाशी कमी, साठवणुकीशी जास्त. वाहत्या नदीत घाण आली तर थोडी निवते. बरग्यांमागं पाणी तुंबलं, वरून गावांचं सांडपाणी आणि कारखान्यांची मळी आली, ऊन तापलं की पाण्यातला प्राणवायू पहाटेच्या वेळी संपतो. मासा आधी पृष्ठभागावर तोंड काढून घोट घेतो, मग उलटा होतो. मेलेले मासे पहाटे दिसले तर बहुधा हेच कारण. पहिल्या पावसात वरच्या बंधाऱ्यांचे बरगे एकदम उघडले की महिनोन्‌महिने साठलेला तो काळा पट्टा एका दमात खाली येतो, आणि तो तुमच्या शिरोळात पोहोचतो तेव्हा कृष्णेतून चढणीला निघालेला मासा त्याला तोंडावर भेटतो. खालून वर बरगे काढायचं म्हणते त्याला हेही एक कारण आहे. नदीला थोडा प्रवाह आल्यावर काढावेत, कोरड्या नदीत नव्हे. मेलेला मासा खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका. बाटलीत पाणी भरून वेळ, जागा लिहून ठेवा आणि फोटो काढा, नंतर बोलायला हातात काहीतरी असतं.

प्रश्न : चढणीचे मासे खाणं चूक आहे का? आमच्या घरी सगळे वाट बघत असतात! (एक गृहिणी, पन्हाळा तालुका)

उत्तर : मीही लहानपणी ताटभर खाल्ले आहेत, गाभोळीची तर चटक होती. आता खात नाही. तुम्हाला सोडवत नसेल तर निदान पहिले आठ दिवस सोडा, आणि ओढ्याच्या तोंडाला आडवं जाळं लावून आणलेले घेऊ नका. गळाचा एखादा मासा वेगळा. ब्लीचिंग पावडर टाकून किंवा सुरुंगानं मारलेले तर विकणाऱ्याच्या तोंडावर परत करा, १८९७ च्या कायद्यापासून तो गुन्हा आहे.

प्रश्न : मुलांना मासे चढताना दाखवायचे आहेत. कुठं, कधी जावं? (राजारामपुरी)

उत्तर : मोठ्या नदीवर नका जाऊ. राजाराम बंधाऱ्याच्या पट्टीवर पाणी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं निघालं की मुलांना घेऊन काठावर उभं राहायचं कारण नाही. पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या वाटेवर भाताच्या खाचरांतून रस्त्याला येणारा एखादा लहान ओढा निवडा. मृगाचा दुसरा-तिसरा मोठा पाऊस रात्रभर पडून गेला असेल अशी सकाळ हवी. मोरीच्या खालच्या बाजूला, जिथं पाणी पायरीवरून पडतं, तिथं दहा मिनिटं न बोलता उभं राहा. आधी काही दिसत नाही. मग बोटाएवढं काहीतरी चांदीसारखं हवेत येतं, भिंतीवर आपटतं आणि परत पाण्यात पडतं. मुलांना मोजायला सांगा, किती आपटले आणि किती गेले. आकडे मला कळवा, मोरी कुठली तेही लिहा. छत्री नेऊ नका, तिची सावली पाण्यावर पडते.